मागची बाजू

जुन्या बाजारात बुधवारी ऊन चढायच्या आत जावं लागतं.
नऊनंतर चांगला कागद उरत नाही,
उरतात दहावीची गाइडं.
तांबोळी माझ्यासाठी गठ्ठा वेगळा बांधून ठेवतो,
डागाळलेलं, कडा जळालेलं,
वाळवीनं आतून रस्ते काढलेलं.
"ताई, एकदम खराब माल आलाय," म्हणतो,
मेथी ताजी आल्यासारखं.

रास्ता पेठेत सायकलवाल्याच्या डोक्यावर माझी खोली.
खालून पंक्चरच्या सोल्युशनचा वास,
वर खळीचा.
मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद,
आणि गाठी धरेपर्यंत कुणाचा फोन घ्यायचा नाही.
पंखाही लावायचा नाही, एप्रिलातसुद्धा.
एकदा लावला होता,
अख्खी नारायण पेठ कॉटखाली गेली.

मी कापत नाही, फाडते.
कात्रीला आधीच ठाऊक असतं कुठं जायचंय.
फाडलं की कडेला पांढरी दशी सुटते,
ती मला नदीला लागते.
मुठेचं पाणी मी आजवर निळं केलेलं नाही,
पीएमटीची जुनी तिकिटं, चहाच्या पुडीचा आतला कागद
आणि कुणाच्या तरी एक्स-रेचं पाकीट,
एवढ्यात भिडे पुलाखालचा मार्च होतो.

घोले रोडच्या गॅलरीत सात दिवस मिळाले,
दीड वर्ष नंबर लावून.
बावीस चित्रं, एक टेम्पो, दोन फेऱ्या.
खिळ्याला सुतळी ताणून ओळंबा बघितला,
किमतीच्या चिठ्ठ्या रात्री लिहिल्या, सकाळी कमी केल्या.
पहिल्या दिवशी पेढे. दुसऱ्या दिवशी
उन्हातून आलेले दोघं, गार वाटेस्तोवर थांबले.
एक निवृत्त बाई चष्मा पुसत म्हणाल्या,
"आमच्या शाळेत याला चिकटकाम म्हणायचे."
मीही म्हणाले, हो, तेच आहे.

चौथ्या दिवशी झगडे आले.
अकरा नंबरच्या चित्रापुढे उभे राहिले ते हलेनात.
खाली उजवीकडे, जिथं मी खडकीची चाळ रचली होती,
तिथं एका भिंतीला वहीचं पान आहे,
जांभळी शाई, तिरका हात:
दूध ३१. रॉकेल. बाबूच्या चपला, उधार.

"तो बाबू मीच," म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही.
वडील दारूगोळा कारखान्यात टाइमकीपर,
घर विकताना वह्या रद्दीत गेल्या,
"गेल्या म्हणजे मीच दिल्या. किलोवर."
मी किंमत सांगायला लागले, निम्मी सांगितली.
त्यांनी हात हलवला.
चित्र नको होतं त्यांना. एवढंच विचारलं:
"मागच्या बाजूला काय होतं?"

मला आठवेना.
तीस वर्षं कागद चिकटवतेय,
प्रत्येक कागदाचं एक तोंड मी कायमचं भिंतीला लावलंय
आणि कुठलं लावायचं ते रंग बघून ठरवलंय.

प्रदर्शन उतरलं. तीन विकली गेली.
अकरा नंबर घरी आणलं, टेबलावर उताणं ठेवलं,
ओला स्पंज, बोथट सुरी, श्वास धरून.
शाई पाण्यात जायला लागली तशी थांबले.
कोपरा सुटला होता, नखाएवढा.
एक शब्द दिसला: परत.
पुढं आकडा होता की नाव, ते खळीत मिसळलंय.

अभिप्रायाच्या वहीत त्यांचा नंबर आहे.
अभिप्राय नाही, नुसता नंबर,
तसाच तिरका हात.

या बुधवारी गठ्ठा सोडला.
पहिला कागद फाडायला घेतला, उलटा केला,
कुणीतरी कुणाला सासवडहून पोचल्याचं कळवलं होतं.
दुसरा घेतला.
दुपार झाली तरी एकही तुकडा लागला नाही.
खळीवर साय धरली.