पौषातलं गॅरेज, जांबोटी

पहाटे साडेपाचला शटर वर करतो
तर आधी तेच कण्हतं.
समोर कणकुंबीचा रस्ता, असावा.
धुकं इतकं की पलीकडचं हॉटेल
फक्त आल्याच्या वासापुरतं उरलेलं.

डिझेलवाल्यांचं मला विचारू नका.
मष्णूचा पिकअप गोव्याला कोबी नेतो,
हीटर प्लग दोन मेलेले, दोन त्या वाटेवर.
म्हणून तो गाडी रात्री उतारावरच लावतो
आणि आतच झोपतो,
चाकाखालच्या एका दगडावर भरवसा टाकून.

लाल बस दोनदा खोकते, गप्प होते.
पाटी कन्नड, ड्रायव्हरची शिवी मराठी,
कंडक्टर हात चोळत म्हणतो, "भाळ चळी ऐती."
इंजिनाला दोन्ही कळतं.
ऐकत मात्र कुणाचंच नाही.

लुमाण्णाच्या ट्रॅक्टरला आरतीच लागते :
चिंधी डिझेलात बुडवायची, पेटवायची,
हवेच्या नळीपाशी धरायची.
काळा धूर, एक ढेकर,
मग उसाच्या दोन ट्रॉल्या खुशाल.

नव्या बॅटरीच्या स्कूटरला काही लागत नाही,
बटण दाबलं की तयार.
फक्त चोर्ल्याकडच्या चढाला तिच्या काड्या
भावकाण्णाच्या दातांसारख्या
एकेक पडत जातात.

त्या दिवशी रोजालिन सिस्टर आल्या मोपेड ढकलत,
खांद्याला लसीचा निळा डबा, आत बर्फ.
"गंमत बघा," म्हणाल्या,
"ह्याला थंडी पाहिजे, हिला सोसत नाही.
आणि पारवाडात चौदा पोरं."

कोपऱ्यात जुनी चेतक होती.
भंगारवाला नऊशे म्हणाला होता,
मी हजारावर अडलो होतो.
एका कुशीवर कलती केली तिला,
चोक ओढला,
सातव्या किकला गळा साफ केला तिनं
आणि अख्खं गॅरेज धुरात बुडवलं.
"चौथा गिअर पडत नाही हां!" मी ओरडलो.
"घाटात लागतो कुठं?"
धुक्यातून एवढंच आलं परत.

दिवस बुडता आल्या. डबा रिकामा.
गाडी बंद केली, पण निघाल्या नाहीत.
बाजूचं झाकण काढून
दोन्ही तळवे इंजिनापाशी धरून उभ्या राहिल्या,
आगटीजवळ राहावं तशा.
मी दोन चहा सांगितले.

भंगारवाला बुधवारी येतो.
त्याला काय सांगायचं ते ठरलंय,
फक्त थंडीत
तोंड चालू व्हायला जरा वेळ लागतो.