एकशे दहा मिनिटं

आज विमान चाळीस मिनिटं उशिरा उतरलं.
शिशाच्या पेटीतली साखर
दाबोळीपासून बांबोळीच्या चढापर्यंत
झिजत झिजत आली.
एकशे दहा मिनिटांत निम्मी, मग त्या निम्म्याची निम्मी,
कुठल्याच वळणावर तिला दम खाता येत नाही.
मी पेटी उघडते, आकडा वाचते, सिरिंज भरते
आणि हात अंगापासून लांब धरून चालते,
वाऱ्यातून पेटती वात न्यावी तशी.

पुरसो जल्मी, वय एकाहत्तर, नेवरा.
धंद्याच्या रकान्यात बायकोने लिहिलंय: मानशीकार.
अर्ज घेणारा नवा मुलगा विचारतो, म्हणजे काय?
‘खाजनाची मानस राखतात ते.
भरतीला दारं लावायची, सुकतीला उघडायची.
नाहीतर शेतात खारं पाणी.’

सुई टोचल्यावर पाऊण तास अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं.
बोलायचं नाही, बोललं तर साखर बोलण्याकडे धावते.
मथुराबाईंना मी बाहेर बसवते.
काचेतून दिसतं, तो बोलत नाहीये,
पण अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतोय.
तिथी मोजत असेल.
तिथीवरून भरती काढतात, आमच्या दिवाडीतही.
मोजू नका असं सांगायचं
माझ्या कागदावर कुठे छापलेलं नाही.

खरी अडचण चुंबकाच्या दाराशी.
करगोट्याला चावी, लोखंडी, बोटाएवढी.
सोडेना. दोन वॉर्डबॉय, मी, गोडीगुलाबी, सगळं वाया.
मथुराबाई आत येतात, त्याच्या कानाशी वाकतात:
‘आतां सुकती लागल्या. चावी दी.’
तो देतो.
दोन हात अंतर ठेवायचा नियम
तेवढ्यापुरता मला आठवला नाही.

पूर्वी दोन यंत्रं होती, दोन दिवस.
सोमवारी घडण, गुरुवारी जळण.
मग मी पडद्यावर चित्रावर चित्र सरकवत बसायची,
नाकाला नाक, कानाला कान,
आणि मधल्या तीन दिवसांनी म्हातारं झालेलं ते डोकं
कुठेच नीट बसायचं नाही.
आता एकाच बोगद्यात दोन्ही.
माणूस हलला तर दोन्ही चित्रं मिळून हलतात.

राखाडी चित्रात
चर रुंदावलेत, चरांत पाणी चढलंय.
भगदाड कुठे नाही, नुसती झीज.
रंगीत चित्रात मागचा भाग विझत आलाय, बाजूचेही,
साखर दाराशी येते आणि कुणी घेत नाही.
एकावर एक ठेवलं तेव्हा कळलं,
काही ठिकाणी बांध उभा आहे
आणि आतलं शेत पडीक.

आणि या कानापासून त्या कानापर्यंत
डोक्यावरून गेलेली
हातापायांची पट्टी मात्र लख्ख.
याचा अर्थ मी कुणाला सांगत नाही, सही डॉक्टरांची असते.
साखर जळते एवढं दिसतं.
कशापायी जळते, ते नाही.

‘पेज चालेल ना आता?’ मथुराबाई विचारतात,
आणि डब्याचं झाकण फिरवता फिरवता,
‘दोन वर्षं झाली, दारं मीच उघडते.
ते पुढे टॉर्च धरून उभे, मी मागून दोर ओढते.
घरी आल्यावर मलाच सांगतात,
आज पाणी बरं गेलं हं.’

मग ही चावी?

‘जुन्या कुलपाची.
कुलूप गंजून कधीच नदीत पडलं.’

आज षष्ठी. सुकती रात्री नऊ-साडेनऊला.
तोवर साखर पार विझलेली असेल.
पाणी भरपूर पाजा, मी सांगते,
नातवंडांना आजच्या दिवस मांडीवर नको.
त्या मान हलवतात,
आणि चावी पुन्हा त्याच्या करगोट्याला बांधतात,
दुहेरी गाठ,
ओढून बघतात.