चार मिलिमीटर

कायानीत बर्फ न सांगता येतो असं मुळीच नाही.
रेडिओ सांगतो, गुडघे सांगतात,
शेजारचा वेइयो तर सप्टेंबरातच जॅक काढून बसतो
आणि माझ्या गाडीकडे असा बघतो,
जणू माझी चेन उघडी राहिलीय
आणि कसं सांगावं ते त्याला कळत नाहीये.
मी ऐकत नाही. दरवर्षी.
मग एका मंगळवारी पहाटे
अंगण पांढरं, काच पांढरी,
आणि गाडीच्या पायात अजून उन्हाळी चपला.

दुकानात माझा नंबर एकशे बेचाळीस.
काउंटरवरच्या पोराने संगणकात खूप खोल पाहिलं.
"सव्वीस नोव्हेंबर. दुपारी दोन."
आज अठ्ठावीस ऑक्टोबर आहे, मी म्हटलं.
"हो ना," तो म्हणाला, कौतुकाने,
तारीख मीच शोधून काढल्यासारखा.
नव्या चार टायरांची किंमत त्याने तोंडाने सांगितली नाही,
कागदावर लिहून हळूच सरकवली.

वरातीमागून घोडं निघालं ते मग
सोत्कामोच्या रस्त्याने, ताशी तीसने,
मागे सहा गाड्यांची रांग.

राइलीबाईंच्या कोठारात
भिंतीवर चार खुंट्या, चार टायर,
रिमसकट, खिळ्यांचे, धुऊन ठेवलेले,
प्रत्येकावर खडूने लिहिलेलं:
पुढचा डावा. पुढचा उजवा.
मागच्यांचंही तसंच, त्याच नेटक्या अक्षरात.
"ते आता गाडी चालवत नाहीत," ती म्हणाली.
मी पुढे विचारलं नाही.
एकशे साठ युरो. तिने मोजलेसुद्धा नाहीत.

पाच भोकं. माझ्या चाकालाही पाचच.
बर्फात गुडघे टेकून,
गंजलेल्या नटांना शिव्या घालत,
पान्यावर उभी राहून, उड्या मारून
जुनं चाक काढलं आणि नवं लावलं.
पहिला बोल्ट गेला.
दुसरा अर्धा गेला.
तिसरा भोकाच्या कडेला थांबून
दुसरीकडेच बघत राहिला.

वेइयो आला, टॉर्च घेऊन. टेप लावली.
"एकशे बारा," म्हणाला. "तुझं एकशे आठ."
नंतर बराच वेळ आम्ही दोघं
त्या चार मिलिमीटरकडे बघत उभे होतो.
शेवटी तो "हं" म्हणाला, श्वास आत घेत,
आणि जेवायला गेला.

परत करायला गेले तेव्हा खुंट्यांवर
कांद्याच्या माळा लागल्या होत्या.
राइलीबाईंनी पाकीट जसंच्या तसं पुढे केलं.
"पैसे घे," म्हणाल्या. "ते मात्र परत आणू नकोस."
दार लावताना मागे वळून पाहिलंही नाही.

मग चार आठवडे
मी बुटांना खिळे लावून बसने फिरले.
माझ्या म्हाताऱ्यांची इंजेक्शनं उशिरा झाली,
तायस्तो रोज घड्याळ दाखवायचा,
आणि घरी, चपलांच्या फळीशेजारी,
रबराचा वास सोडत चार अनोळखी पाहुणे.
मांजर मागच्या उजव्यात झोपू लागलं.
खडू त्याच्या पोटाला लागला.

सव्वीस नोव्हेंबर, दुपारी दोन.
पाऊस. अधिक चार अंश. बर्फाचा मागमूस नाही.
त्याच पोराने नवे टायर बसवले, वीस मिनिटांत.
"वेळेत आलात," म्हणाला.

कोऱ्या खिळ्यांनी ओल्या डांबरावर
टिकटिक टिकटिक करत निघाले,
रिकाम्या चर्चमध्ये कुणी उंच टाचांनी चालावं तशी,
सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्याने.

सोत्कामोच्या फाट्यावर गाडी हळू केली.
तसं काही कारण नव्हतं.
रस्ता कोरडा होत चालला होता.