कागदाचं वजन

बायणाच्या वरच्या अंगाला, पिएदाद बाईंच्या गच्चीवर
आमचं यंत्र दिवसरात्र घरघरतं.
रोज नऊला मी जिना चढते,
चिमट्याने कालचा कागद काढते, आजचा ठेवते.
ठेवताना तो पांढरा असतो.
काढताना काळा म्हणायला जीभ रेटत नाही,
नोंदवहीत मी ‘करडा’ लिहिते.

प्रयोगशाळेत काटा शून्यावर आणायचा
तो श्वास रोखून;
फुंकरीनेही आकडा ढळतो.
भरल्यातून कोरं वजा केलं
की उरते वास्कोच्या हवेची बाकी,
मायक्रोग्रॅममध्ये.

पिएदाद बाईंचं मोजमाप वेगळं.
त्या ओल्या फडक्याने बाल्कांव पुसतात,
सकाळी एकदा, सांजेच्या घंटेआधी एकदा,
आणि पिळतात तेव्हा बादलीत रात्र उतरते.
“तुज्या येंत्राक विचार गो,
म्हज्या फडक्याचें वजन कितलें?”

फडक्याला लागतो तो जाडा कोळसा,
बोटीतून उतरताना, वाघिणीत भरताना उडालेला.
बराचसा नाकात अडतो, खाकरलं की पडतो.
खरा बारीक तो, जो घाट चढून जातो
आणि तिकडच्या भट्टीत जळतो.
जळताना राख वितळते, गोल थेंब होते,
धूर निवताना गंधकाचे कण जन्मतात,
केसाच्या तिसाव्या हिश्शाएवढे.
ते नाकाला विचारत नाहीत,
थेट छातीच्या तळघरात बिऱ्हाड करतात.

प्रशिक्षणाला मी गेले होते तिथे.
धुराड्याआधी एक खोली, देवळाएवढी उंच,
आत पत्र्यांच्या रांगा, मधे तारा.
तारांत वीज सोडली की राखेला भार येतो
आणि ती पत्र्याला चिकटते,
घासलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटावेत तशी.
मग हातोडा पडतो. ठण्ण.
राख खाली.
पुढे कापडी पिशव्या, लांबच लांब,
कॉफीच्या गाळणीसारख्या.
“शंभरातले नव्व्याण्णव धरतो, मॅडम,”
फोरमन हणमंतप्पा म्हणाला.
मी विचारलं, वीज वाचवायला रात्री बंद ठेवता का?
त्याने चहा मागवला.

इथे धक्क्यावर फवारे आहेत.
मे महिन्यात टँकर चुकला की तेही कोरडे.
वाघिणींवर ताडपत्री आहे;
वारा सुटला की तिचं एक टोक
सबंध गावाला हात करत जातं.

परवा मी बाईंचं फडकं पिशवीत घालून नेलं,
सुकवलं, काट्यावर ठेवलं.
काट्याने आकडा दिलाच नाही:
क्षमतेबाहेर.
नोंदवहीत त्याला रकानाही नव्हता.

फडकं धुऊन परत दिलं.
“धुलें कित्याक?” त्या म्हणाल्या,
“सांजे परत लागतलेंच.”