ओपलची हाक

आमच्या जत्रेत डुकरांना हाक मारायची स्पर्धा असते.
हसू नका. मिझुरीच्या या टोकाला ती गमतीची गोष्ट नाही.
ओपल तीनदा पहिली आली.
फळ्यांच्या मंचावर पाय फाकवून उभी राहायची,
हात कमरेवर,
सूऽऽऽ ईऽऽऽ
आणि तो ई नदीपल्याड जाऊन
धान्याच्या कोठारांना शिवून परत यायचा.
मी तिला आधी ऐकलं. पाहिलं नंतर.

कारखाना गावाच्या उगवतीला. मायक्रोवेव्हच्या लाह्या.
सोयाबीनचं तेल, मीठ, पिवळा रंग
आणि निळ्या पिंपातलं ते, ज्यावर छापलं होतं बटर,
ज्याचा कुठल्याही गाईशी काही संबंध नव्हता.
ओपल मिक्सिंगला, मी फोर्कलिफ्टवर.
पिंपं मी न्यायचो तिच्यापर्यंत.
हे वाक्य मला न अडखळता म्हणता यायला हवं.
पिंपं मी न्यायचो.

ती टाकीचं झाकण उघडायची, वाफ थेट तोंडावर,
बादलीने ओतायची, वाकून बघायची मिसळलं का.
मास्क कागदाचा, धुळीसाठी.
तिथे धूळ नव्हतीच.

सुटी झाली की शेजारच्या क्लीटसचा कुत्रा
तिच्या मागे मागे आमच्या दारापर्यंत.
चर्चमध्ये पुढच्या बाकावरची पोरं वळून शोधायची,
लाह्या कुणाकडे आहेत.
आणि मी, तिच्या मानेत नाक खुपसून झोपायचो.
नऊ वर्षं.
मला तो वास आवडायचा. लपवून काय करू.

मग तळघराचा जिना. घेवड्याच्या बरण्या खाली असतात.
बारा पायऱ्या; ती सातवीवर बसायला लागली.
एक डॉक्टर म्हणाला दमा.
दुसरा म्हणाला, सिगारेटी सोडा.
तिने एकही ओढली नव्हती जन्मात,
तिच्या बापाने ओढल्या होत्या सगळ्यांच्या वाटच्या.

शेवटी सेंट लुईस. कॉम्प्युटरला जोडलेली नळी.
फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून,
ती पोरगी ओरडत होती, जणू कुणाचा वाढदिवस.
पडद्यावरची रेघ टेकडी चढायला निघाली
आणि पायथ्याशीच बसली.
"जरा जोर लावा ना, मॅडम."
ओपलने माझ्याकडे बघितलं.
तीनदा पहिली आलेली ओपल.

फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक वाटा
वण धरून बुजल्या आहेत, असं म्हणाले.
हवा आत जाते, तिला बाहेरचा रस्ता सापडत नाही.
औषध? ते कागद चाळत राहिले.

कंपनीचा माणूस घरी आला, हॅट हातात घेऊन.
म्हणाला, अहो, हे तर आपण सगळेच खातो,
माझी मुलंही खातात.
याहून लोणकढी थाप मी ऐकली नाही,
कारण ती खरी होती.
खात होते सगळेच.
ओपल खात नव्हती. श्वास घेत होती.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात, म्हणतात.
इथे माणूस अजून मढं नाही,
आणि ते तर लोणीही नाही.

ऑगस्टात जत्रा झाली. आम्ही गेलो नाही.
मंचावरचा भोंगा वाऱ्याबरोबर अंगणात येत होता,
कुणीतरी कोवळी पोरगी, गळ्यातून ओरडणारी.
"पोटातून," ओपल पुटपुटली, "पोटातून, बाई."
मग उठली. सिलिंडरचं चाक गवतात अडकलं,
मी सोडवलं, ती थांबली नाही,
नळी ताणली जाईपर्यंत कुंपणाकडे गेली.
तोंड उघडलं.

आमची म्हातारी डुकरीण लांब चिखलात पडून होती.
तिने कान हलवला, बहुतेक माशीमुळे.

मी चाऱ्याची बादली घेऊन मागे उभा होतो.
कडी खडखडली असेल. डुकरीण धावत आली.

"ती कधीच," ओपल म्हणाली,
"हाकेला,"
(इथे बराच वेळ गेला)
"येत नव्हती रे.
बादलीला
यायची."

आणि हसली. हसायला फार हवा लागते.
मी बादली खाली ठेवली.