पाव डोकं

जुलै. लोताच्या शाळेत जुलै म्हणजे भर थंडी,
पत्र्यावर समुद्राकडचा वारा,
आणि शेगडीजवळच्या जागेवरून रोजचं भांडण.

त्या वर्षी मी चौघांत एकच मातीचा गोळा दिला.
कापायला एकच तार, एकच ओलं फडकं.
सामान कमी होतं हे खरं;
पण तेवढंच खरं नव्हतं.

मधोमध खुर्चीवर सेगुंदो आजोबा.
बत्तीस वर्षं समुद्राखालच्या खाणीत,
आता कोपऱ्यावर पाव विकतात.
तासाला एक कप चहा, या बोलीवर बसलेले.
चार दिशांना चार स्टुलं.
ज्याला जे दिसेल ते त्याने घडवायचं,
प्रत्येकी पाव डोकं.
शेवटी चारही पाव जोडायचे,
आणि मार्क चौघांना मिळून एक.

योवान्काची आई आली, निथळत्या छत्रीसकट.
"माझ्या मुलीने तिघांचं ओझं का वाहायचं?"
बघू, म्हटलं.
उत्तर मलाही कुठे माहीत होतं?

शुक्रवारी पहिली जोडणी.
तीन कान निघाले.
नाक एका बाजूने तरणं, दुसऱ्या बाजूने थकलेलं,
हनुवटीचा सांधा बोटभर खाली-वर.
योवान्काचा पाव देखणा,
आणि म्हणूनच बाकीच्यांत परका.
मातेओ हसला. मग कोणीच हसलं नाही.
तिने तार उचलली:
सगळं कापून एकटीने पुन्हा करायला निघाली.

"तुझ्या स्टुलावरून मान दिसते का?"

हे एलिसेओने विचारलं,
जो मार्चपासून हजेरीपुरतंच बोलला होता.
त्याच्या वाट्याला पाठ आली होती.
ना डोळे, ना ओठ; सगळ्यांनी नको म्हटलेली जागा.
तिथून त्याने तीन आठवडे पाहिलं होतं
की आजोबांची मान सरळ होतच नाही,
डोक्यावर अजून बुटकं छत असल्यासारखी
डावीकडे कललेली,
म्हणून उजवा कान वर, म्हणून हनुवटी तिरकी.
"नाक चुकलं नाही," तो म्हणाला,
"आपण त्यांना सरळ बसवलंय."

योवान्का उठली.
त्याच्या स्टुलावर जाऊन बसली, बराच वेळ.
मग त्याने तिचा अंगठा धरून मातीवर टेकवला:
इथे. नाही, जरा खाली. हाड लागेल.
आणि मातीत हाड लागल्यासारखी
ती दचकली.

मिल्लाराय म्हणाली, नुसतं दाबून चिकटत नाही.
मावशीच्या भट्टीवर शिकले मी.
दोन्ही कडांवर ओरखडे काढा, दोन्ही,
मग पातळ चिखल लावा,
नाहीतर वाळताना फट पडते.
मातेओ ओरखडे काढत बसला, जीभ बाहेर काढून.

माझे हात शिवशिवत होते.
एकोणीस वर्षांच्या नोकरीत
खिशात हात घालून उभं राहण्याइतकं अवघड
मी काही केलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी आजोबा उठले, डोक्याभोवती फिरले,
चेहऱ्यापाशी थांबले नाहीत.
मागे जाऊन उभे राहिले.
हळूच स्वतःच्या मानेवर हात ठेवला.
"ही मी कधी पाहिलीच नव्हती," म्हणाले,
आणि चहा मागितला.

मार्कांचा रकाना मी पेन्सिलीनेच भरला.
तिसरा कान खिडकीत वाळतोय.
तो कोणाच्या हातचा,
अजून चौघांपैकी कोणी सांगत नाही.