लोखंडाचे सव्वीस

ड्रायरमध्ये एक क्वार्टर टाकला की सहा मिनिटं.
सहा मिनिटांत मला लोखंड बसवायचंय.

एक एस दोन, दोन एस दोन, दोन पी सहा,
तीन एस दोन, तीन पी सहा,
मग चार एस दोन,
तीन डी त्याच्या मागून. का, ते विचारायचं नाही.
मास्तर म्हणाले, या सेमिस्टरला नाही.
तीन डी सहा. झाले सव्वीस.
पाढ्यासारखं म्हणते ओठातल्या ओठात.
समोर काचेआड नवऱ्याच्या बनियनी
कुठल्याच कक्षेत नाहीत, नुसत्या गरगरताहेत.

बेथलेहेम, पेनसिल्व्हेनिया. फेब्रुवारी.
रस्त्याच्या टोकाला पोलाद कारखान्याच्या भट्ट्या,
विझलेल्या, तांबूस, खांद्यांवर बर्फ.
वय सत्तेचाळीस. बी.कॉम., अकोला.
गुरुवारी क्विझ.

इव्हेलिस रोसारियो, एकोणीस वर्षांची,
इथे काउंटरवर सुटे देते, साबण विकते,
आणि वर्गात माझ्या पुढच्या बाकावर बसते.
पावडरचं खोकं फाडून पाठीवर चौकोन काढते:
पाच खोल्या, माणसं सहा. बसव.

हे मला येतं, पोरी.
नणंदेच्या लग्नात वऱ्हाडाला खोल्या मीच वाटल्या होत्या.
आधी प्रत्येकाला स्वतंत्र हवी असते.
पाचांचे पाच दरवाजे लागतात,
आणि रात्री अकराच्या गाडीने सहावा उतरतो.
मग कुणाच्या तरी गादीवर दोघं:
एकाचं डोकं उशाला,
दुसऱ्याचं पायथ्याला.

ती हसते. एक बाण वर, एक बाण खाली.
बरोबर, म्हणते.

अडते मी ती आयनांपाशी.
दोन देऊन टाकले तर डोक्यावर दोन अधिक,
एक घेतला तर एक उणे.
वीस वर्षं खतावण्या लिहिल्या या हातांनी,
असा हिशेब ऑडिटरने दारातूनच परत पाठवला असता.
पण ठीक. जग तुमचं, खातं तुमचं.

तर लोखंडातून दोन काढा.
मी काढते शेवटी आलेले. डीमधले.
रात्रीच्या गाडीने आलेला, आणि अजून एक.
चूक.
इव्हेलिस पेन्सिलीच्या मागच्या रबराने
चार एस पुसते.
दारापाशी बसलेले आधी जातात, म्हणते.
आधी आले का नंतर, कुणी बघत नाही.

मी त्या पुसलेल्या जागेकडे बघत राहते.
भाऊजी आले होते या गावात आमच्या आधी,
त्यांनीच आम्हाला घर बघून दिलं,
पहिल्या हिवाळ्याचे बूट दिले.
आणि पत्रं आली तेव्हा
पहिलं पत्र त्यांना.
आता हडपसरला असतात. बूट अजून आहेत.

माझ्या आजोबांच्या भट्टीत उलटं होतं,
इव्हेलिस सांगते, खिडकीकडे न बघता.
शेवटी लागला तो आधी घरी.
मग आजोबा?
ते जुने. सगळे गेल्यावरही दोन वर्षं
रिकाम्या शेडची कुलपं तपासत फिरायचे.
पोलाद बनवणारे एका नियमाने गेले,
लोखंड दुसऱ्याच नियमाने जातं.
हे ती नाही म्हणाली. हे मी म्हणते,
आणि क्विझमध्ये याला मार्क नाहीत.

आता फेरिक. अजून एक काढ.
चार एस रिकामा, म्हणून डीमधूनच.
गादीवरच्या दोघांपैकी एक उठतो,
अंधारात चपला शोधतो.
पाच खोल्या, पाच जण, एकेकटे.
असंच राहायला त्यांना आवडतं म्हणे.
बाहेर भट्ट्यांवर चढलेला गंज
म्हणजे हाच, तीन अधिकवाला.
मी परत एकदा बघून घेते.

ड्रायर थांबतो.
बनियनी गरम, पण शिवणीशी अजून ओलसर.
पाकिटात एकच क्वार्टर.
टाकू का नको करत टाकते.

इव्हेलिस खोक्याचा दुसरा तुकडा फाडते.
क्रोमियम घेऊ, म्हणते.
आणि आधीच सांगते,
त्याचं जरा वेगळंच आहे.